इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग : डिग्रीसाठी किती कर्ज काढावं? पगारातून फिटतं का?

मोगरा७
नमस्कार मंडळी. लेकीला इलेक्ट्रिकलच करायचंय. कॉम्प्युटरला नंबर लागत असूनही तिने पसंतीक्रमात इलेक्ट्रिकल वर लिहिलंय, त्यामुळे शाखेबद्दल वाद नाही. वाद कर्जाचा आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक नावाजलेलं कॉलेज, फी भरपूर, बराचसा खर्च कर्जातूनच करावा लागेल. दुसरं साधं आहे, फी बरीच कमी, पण तिथे येणाऱ्या कंपन्या मोजक्याच. पहिल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात जे सरासरी पॅकेज छापलंय, साधारण तेवढंच आमचं एकूण कर्ज होईल. नवऱ्याचं म्हणणं, एका वर्षाचा पगार म्हणजे काय मोठंसं, दोन-तीन वर्षांत फिटेल. मला तेवढं सोपं वाटत नाहीये पण का वाटत नाहीये ते आकड्यांत मांडता येत नाही. कमाई आणि कर्ज यांची तुलना नेमकी कशी करतात? रकमा मुद्दाम देत नाहीये, इथे वेगवेगळ्या देशांतले लोक आहेत, प्रमाणातच बोलू.

आकडेशास्त्री
प्रमाणात विचारलंत ते उत्तम, हिशोब सगळ्यांना वापरता येईल. चार वर्षांत मिळून १०० कर्ज धरा, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलले, व्याजदर १० टक्के. पहिल्या २५ वर चार वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या २५ वर तीन वर्षांचं, असं करत गेलं तर अगदी सरळ व्याजानेही डिग्री हातात पडते त्या दिवशी १०० चे १२५ झालेले असतात. नोकरी शोधायला आणखी वर्षभर सवलत घेतली की १३५. आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवलं जात असेल तर १४० च्या थोडं वर. म्हणजे 'एका वर्षाच्या पगाराइतकं' म्हणून काढलेलं कर्ज पहिला हप्ता भरायच्या वेळी १.४ वर्षांच्या पगाराइतकं झालेलं असतं.

आता हप्ता. १० टक्के दराने १० वर्षांची मुदत घेतली तर दर १०० ला महिना साधारण १.३२ हप्ता बसतो. १४० ला १.८५. वर्षाचा पगार १०० म्हणजे महिन्याला ८.३३. म्हणजे पगाराचे २२ टक्के गेले, तेही कर आणि इतर कपातीच्या आधीच्या पगाराचे. ८० टक्के पगार हातात येतो असं धरलं तर त्यातले २८ टक्के. दहा वर्षांत मिळून भरणार साधारण २२२.

तीन वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिना ४.५ च्या वर जातो, म्हणजे कागदावरच्या पगाराचे ५४ टक्के आणि हातातल्या पगाराचे ६८. नवीन शहरात भाडं भरून राहणाऱ्या मुलीला हे जमणार नाही.

चष्मेवाली
बाप रे, १०० चे २२२. मी आजवर फक्त 'व्याजदर किती' एवढंच विचारत होते. आमची दोन वर्षांनी याच रांगेत. वाचतेय.

बँकेतली_ताई
आकडेशास्त्रींचा हिशोब बरोबर आहे, त्यात एक सांगायचंय. शिकत असतानाच्या काळात व्याज सरळ लावायचं की चक्रवाढ, हे कर्ज देणाऱ्यावर आणि योजनेवर असतं. भारतात बँकांच्या आदर्श योजनेत शिकण्याच्या आणि सवलतीच्या काळात सरळ व्याज आहे, पण खाजगी वित्तसंस्था आपापले नियम लावतात. मंजुरीपत्रात तो मजकूर बारीक अक्षरात असतो आणि लोक वाचत नाहीत. दुसरं, शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलात तर काही ठिकाणी दरात थोडी सूट मिळते, आणि मुख्य म्हणजे १०० चे १०० च राहतात. आई-वडिलांना महिन्याला थोडं बाजूला काढता येत असेल तर त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

भारतातल्यांसाठी : आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते. फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही, आणि जुन्या करपद्धतीतच. घरात कर्ज फेडणारा नव्या पद्धतीत असेल तर तो फायदा हिशोबात धरू नका.

रोहित्र
मला हप्त्यापेक्षा त्या 'सरासरी पॅकेज'चीच जास्त काळजी वाटतेय. मोगरा, सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा फार फसवा असतो.

दहा मुलं धरा. नऊ जणांना ६०-६० मिळाले, एकाला बाहेरदेशी ४६० मिळाले. बेरीज १०००, सरासरी १००. माहितीपत्रकात १०० छापलं जाईल आणि ते खोटंही नाही! पण वर्गातल्या कुठल्याही मुलाला १०० मिळालेले नाहीत. सगळे पगार चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो ६०. मीडियन म्हणतात तो हा, आणि तोच विचारायचा. ६० धरून १.८५ चा हप्ता मांडून बघा, महिन्याचा पगार ५, म्हणजे ३७ टक्के थेट हप्त्यात.

पुढचा प्रश्न, हा आकडा कोणाचा? सगळ्या शाखांचा एकत्र असेल तर त्यात कॉम्प्युटरवाल्यांनी तो वर ओढलेला असतो. फक्त इलेक्ट्रिकलचा मागा. आणि किती जणांपैकी किती जणांना मिळालं तेही विचारा, कारण बरेचदा ज्यांनी नाव नोंदवलं किंवा ज्यांना नोकरी लागली त्यांचीच सरासरी काढतात, उरलेले आकड्यात येतच नाहीत. आणि पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस, परफॉर्मन्सवर अवलंबून असलेला भाग, कंपनीने भरलेला विमा, सगळं घातलेलं असतं. हप्ता हातात येणाऱ्या पगारातून जातो.

वाटाड्या_९
+१ रोहित्र. नऊ आणि एकचं उदाहरण कपाटाच्या दारावर चिकटवायला हवं.

दूरदेशी
मी अमेरिकेत आहे. इथे सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून त्यात पदवीधरांची कमाई येते आणि २०१९ पासून कॉलेजनिहाय नव्हे तर त्या कॉलेजातल्या त्या-त्या विषयानुसार मीडियन कमाई आणि मीडियन कर्ज दोन्ही शेजारी शेजारी बघता येतात. रोहित्र म्हणतात तो 'फक्त इलेक्ट्रिकलचा' आकडा तिथे थेट मिळतो. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही हेच घेऊन बसलो होतो.

पण तेही डोळे उघडे ठेवून वाचायला लागतं. एक म्हणजे त्यात केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेलेच विद्यार्थी असतात. स्वतःच्या पैशाने शिकलेले आणि परदेशातून आलेले त्यात नाहीत. दुसरं, विद्यार्थ्याच्या नावावरचं सरकारी कर्ज त्या मुख्य आकड्यात असतं, आई-वडिलांनी काढलेलं वेगळं दाखवतात आणि खाजगी बँकेचं तर येतच नाही, त्यामुळे कर्ज कमी दिसतं. तिसरं, पुढे शिकत असलेले कमाईच्या आकड्यातून वगळलेले असतात. आणि एक बारीक गोष्ट : विषयांना सांकेतिक क्रमांक असतात, १४.१० म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशन इंजिनीअरिंग सगळं एकत्र, आणि १५.०३ म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी, जो वेगळा, जास्त प्रात्यक्षिकाचा अभ्यासक्रम आहे. नावं सारखी वाटतात म्हणून लोक एकाची कमाई आणि दुसऱ्याचं कर्ज घेऊन बसतात.

प्रमाणाचा एक सरकारी निकषही इथे मांडला गेला होता. २०२३ साली नव्याने मांडलेल्या नियमात पदवीधरांचे वर्षाचे हप्ते त्यांच्या कमाईच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त आणि शिवाय जगण्यापुरता भाग वजा करून उरणाऱ्या कमाईच्या २० टक्क्यांपेक्षाही जास्त गेले तर तो अभ्यासक्रम नापास ठरणार होता. आकडेशास्त्रींच्या दराने ८ टक्के हप्ता म्हणजे कर्ज वर्षाच्या कमाईच्या साधारण निम्मं. मोगराताईंचं १.४ आहे.

जुनाजाणता
इतका वेळ वाचतोय. हिशोब चोख आहेत पण एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्या नोकरीच्या पगारावरून डिग्रीची किंमत काढणं चूक आहे, आणि इलेक्ट्रिकलच्या बाबतीत तर फारच चूक.

माझी सगळी नोकरी ग्रिडच्या प्रोटेक्शनमध्ये गेली, म्हणजे वीजजाळ्यात बिघाड झाला की तेवढा भाग तोडणारी यंत्रणा (रिले) सांभाळण्यात. या क्षेत्रात सुरुवात मंद असते. पहिली दोन-तीन वर्षं माणूस सीटीची (प्रवाह मोजायला लावलेल्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी तपासतो, इन्सुलेशन तपासायला मेगर लावतो, रिले टेस्ट किट उचलून साइटवर फिरतो आणि बरोबरचे सॉफ्टवेअरवाले त्याच्यापेक्षा बरंच जास्त कमावतात. पण इथे शिकलेलं जुनं होत नाही. ओहमचा नियम १८२७ चा, फॅरेडेचा १८३१ चा, आणि आजचा न्यूमरिकल रिले त्यावरच चालतो. सॉफ्टवेअरमध्ये दर काही वर्षांनी हत्यारं बदलतात, आमच्याकडे एक ट्रान्सफॉर्मर तीस-चाळीस वर्षं सेवा देतो आणि त्याला ओळखणारा माणूसही तितकीच वर्षं हवा असतो. पन्नाशीत माझ्या कामाची किंमत तिशीपेक्षा कितीतरी जास्त होती. सौर, पवन, बॅटरी, विजेवरच्या गाड्या, डेटा सेंटर हे सगळं शेवटी ग्रिडलाच येऊन जोडलं जातं. मुलीने स्वतःहून इलेक्ट्रिकल निवडलंय. तिला पहिल्या वर्षाच्या पगाराची भीती घालू नका.

फेज_न्यूट्रल
काका, तुमच्याबद्दल आदर आहे आणि शाखेबद्दल म्हणताय ते शब्दशः खरं आहे. पण नेमकं त्याच्यामुळेच इलेक्ट्रिकलला जास्त कर्ज झेपत नाही ना. कमाई उशिरा चढते आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून पूर्ण भरायचा असतो. पन्नाशीतला पगार पंचविशीतल्या हप्त्याला उपयोगी पडत नाही.

मी कमिशनिंगमध्ये आहे, म्हणजे नवी यंत्रणा तपासून सुरू करून देणं. साइट अलाउन्स चांगला मिळतो, राहणं कंपनीचं, त्यामुळे पैसे साठतात हे खरं. पण माझ्यासोबत लागलेल्या एकाला डिझाइन ऑफिसमध्ये दुसरी नोकरी मिळत होती, काम त्याच्या आवडीचं, शिकायला भरपूर, पगार सुरुवातीला कमी. हप्ता मोठा म्हणून त्याला ती घेता आली नाही. माझं कर्ज छोटं होतं म्हणून मला प्रोटेक्शन स्टडीजचा कोर्स करायला काही महिने बिनपगारी राहता आलं आणि पुढचा पगार त्यामुळेच वाढला. कर्जाचा हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. तुम्ही म्हणताय तसं मंद सुरुवातीचं आणि पुढे चढणारं करिअर हवं असेल तर सुरुवातीला हात मोकळा पाहिजे.

जुनाजाणता
हे पटलं. मी शिकलो तेव्हा फी इतकी कमी होती की हप्ता हा विषयच नव्हता, ते मी लिहायला हवं होतं. शाखेबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम!

सर्किट_सखी
मला यात अजून एक फांदी जोडायचीये. 'इलेक्ट्रिकल' म्हणजे एकच नोकरी नाही. पॉवर सिस्टिम, ड्राइव्ह आणि मोटर, कंट्रोल आणि पीएलसी-स्काडा (कारखान्यातली यंत्रं चालवणारे, त्यांवर लक्ष ठेवणारे संगणक), एम्बेडेड (यंत्रांच्या आतले छोटे संगणक), चिप डिझाइन, सिग्नल प्रोसेसिंग, आणि शिवाय डिग्री इलेक्ट्रिकलची घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेले. मीडियन काढताना हे सगळे एकाच पिशवीत असतात. त्यामुळे रोहित्र म्हणतात तसा शाखेचा मीडियन घेतलात तरी विचारा की त्यातले किती जण प्रत्यक्ष शाखेतल्या कामावर गेले आणि किती सॉफ्टवेअरला. तुमच्या लेकीला ट्रान्सफॉर्मर आवडत असतील आणि आकडा कोडिंगच्या पगारांनी बनलेला असेल तर तो आकडा तिचा नाही.

माझं काम चिप डिझाइनचं आहे. इथे बऱ्याच जागांना मास्टर्स मागतात. म्हणजे बॅचलर्सचं कर्ज अंगावर असताना अजून दोन वर्षं शिकायचं, जुन्या कर्जावर व्याज चालूच, आणि नवं कर्ज वर. मुलीला त्या बाजूला जायची ओढ असेल तर पहिल्या डिग्रीला जितकं कमी कर्ज होईल तितकं बरं. मास्टर्स कुठे करायचं त्यावरही खूप फरक पडतो, जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळजवळ नाही (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतं), राहण्याचा खर्च मात्र स्वतःचा.

ध्रुवतारा
कोणीच न पूर्ण केलेल्या डिग्रीबद्दल बोललं नाही अजून. आमच्या घरात हे झालंय म्हणून लिहितोय. धाकट्या भावाने इलेक्ट्रिकल दुसऱ्या वर्षानंतर सोडलं. हुशार आहे, पण नेटवर्क (विद्युत मंडलांचा विषय), इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स, सिग्नल्स आणि गणिताचा तिसरा पेपर हे सगळं एकाच वर्षी आलं आणि तो एकेका विषयात अडकत गेला. दोन वर्षांचं कर्ज आणि डिग्री नाही. सगळ्यात वाईट प्रमाण हेच, कर्ज निम्मं असतं आणि कमाई डिग्रीशिवायची. आता तो पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात वायरिंगचं काम बघतो, त्यात उत्तम आहे, मनापासून करतो, पण हप्ता अजून चालू आहे.

भारतातल्या कॉलेजांसाठी एक उपाय सांगतो. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या) क्रमवारीसाठी कॉलेज जी माहिती देतात त्यात पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती आणि किती जण पुढे शिकायला गेले हे सगळं असतं. प्रवेश आणि वेळेत पास यातला फरक बघा. शाखानिहाय नसतं, सगळ्या इंजिनीअरिंगचं एकत्र असतं, पण माहितीपत्रकापेक्षा कितीतरी चांगलं. आणि तो आकडा बहुतेक पालक बघतच नाहीत.

मोगरा७
ध्रुवतारा, मनापासून लिहिलंत, आभार. हे माझ्या यादीत अजिबात नव्हतं. गणित तिचं चांगलं आहे पण फील्ड्स नावाचा विषय असतो हे आज पहिल्यांदा कळलं.

चष्मेवाली
अवांतर : इलेक्ट्रिकलवाल्यांना एक विचारायचंय. नातेवाइकांकडे गेल्यावर पंखा आणि मिक्सर दुरुस्त करायला लावतात हे खरं आहे का?

फेज_न्यूट्रल
खरं आहे. चारशे केव्हीचं सबस्टेशन सुरू करून दिलं तरी मावशीचा बेल पुश बिघडला की पहिला फोन मलाच. आणि मी आनंदाने करतो.

सर्किट_सखी
मला सगळे वायफाय का चालत नाही ते विचारतात.

आग्नेय
मुद्द्यावर येतो. तुम्ही सगळे ठरावीक हप्त्याचं कर्ज धरून चाललायत. सगळीकडे तसं नसतं. मी ऑस्ट्रेलियात शिकलो, तिथे १९८९ पासूनची पद्धत अशी की कमाई एका मर्यादेवर गेली की मगच परतफेड सुरू होते आणि ती करासोबत कापली जाते. कर्जाची रक्कम बाजारदराच्या व्याजाने नाही, महागाई आणि पगारवाढ यांतला जो दर कमी असेल त्याने वाढते. इंग्लंडमध्येही मर्यादेवरच्या कमाईच्या ९ टक्के कापतात आणि २०२३ पासून सुरू केलेल्यांचं उरलेलं ४० वर्षांनी माफ होतं. अशा देशात 'कर्ज किती' यापेक्षा 'कमाई किती' यावर दरमहा काय जाईल ते ठरतं. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. ठरावीक हप्त्याच्या कर्जात तो थांबत नाही, त्यामुळे तिथे प्रमाणाची काळजी जास्तच घ्यायला हवी.

फक्त एक, ती सवलत बहुतेक करून त्या देशाच्या नागरिकांना असते. बाहेरून जाणाऱ्याने ती धरून हिशोब करू नये.

बँकेतली_ताई
आग्नेय, नेमकं. आणि आपल्याकडच्या कर्जात आई-वडील सहकर्जदार असतात. मुलीचा हप्ता चुकला की दोघांचीही पत खराब होते, घरकर्ज घ्यायला गेलात की ते दिसतं. तारण ठेवलं असेल तर ते अडकून राहतं. दर बहुधा बदलता असतो, त्यामुळे मंजुरीच्या दिवशीचा दर दहा वर्षं राहील असं धरू नका. आज १० धरताय, १२ झाला तर दर १०० ला हप्ता १.४३.

वाचक_मी
नावाजलेल्या कॉलेजबद्दल. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी २००२ साली अमेरिकेतल्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना निवडक (म्हणजे मोजक्यांनाच घेणाऱ्या) कॉलेजात प्रवेश मिळाला पण जे तिथे न जाता दुसरीकडे शिकले, त्यांची पुढची कमाई बघितली. साधारण निष्कर्ष असा की त्या मुलांची कमाई निवडक कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. म्हणजे जो फरक कॉलेजचा वाटतो तो बराचसा त्या मुलाचाच असतो. गरीब घरातल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजचा फायदा झालेला दिसला, बहुधा ओळखी आणि वातावरण घरी नसतं ते तिथे मिळतं म्हणून. दुसऱ्या देशाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण मोगराताईंच्या लेकीला दोन्हीकडे प्रवेश मिळालाय हे विसरू नका.

रोहित्र
वाचक_मी, चांगलं आठवण करून दिलंत. फक्त आपल्याकडे कॅम्पसला कंपनी येते की नाही यावर पहिल्या नोकरीचं फार असतं, तो भाग अमेरिकेपेक्षा इथे जड आहे असं माझं मत.

मोगरा७
थोडी माहिती मिळवली, म्हणून परत आले. नावाजलेल्या कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला तुम्ही सांगितलं तसं विचारलं, फक्त इलेक्ट्रिकल आणि मीडियन. आधी टाळाटाळ झाली, मग एकाने नीट बसून सांगितलं. छापलेलं १०० असेल तर इलेक्ट्रिकलचा मीडियन ७० च्या आसपास. साध्या कॉलेजचा ५०. कर्ज पहिल्याला १००, दुसऱ्याला ३०. आता हे मांडून देता का कोणी? नवरा म्हणतोय बघ, ७० आणि ५० मध्ये फरक आहेच की.

आकडेशास्त्री
आता मजा आली. दोन्हींना व्याजासकट १.४ ने गुणू. पहिलं १४०, हप्ता १.८५, महिन्याचा पगार ५.८३, म्हणजे ३२ टक्के. हप्ता जाऊन उरतात ३.९८. दुसरं ४२, हप्ता ०.५६, पगार ४.१७, म्हणजे १३ टक्के. उरतात ३.६१.

म्हणजे मीडियन धरलं तर तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही, महागडं कॉलेज हप्ता भरूनही किंचित पुढे आहे. पण हा कर कापायच्या आधीचा हिशोब. दहा वर्षांचं बघू. पगार दोन्हीकडे स्थिर धरले तर जास्तीची कमाई वर्षाला २० प्रमाणे २००. त्यातून २० टक्के कपात गेली की १६०. जास्तीच्या कर्जाचे जास्तीचे हप्ते १५५-१५६. म्हणजे जवळजवळ बरोबरी! आणि ही बरोबरी तेव्हाच, जेव्हा तो २० चा फरक दहाही वर्षं टिकतो. वाचक_मींनी सांगितलेला अभ्यास म्हणतो की दोन्हीकडे प्रवेश मिळालेल्या मुलीच्या बाबतीत तो टिकेलच असं नाही.

आता दुसरी बाजू. मीडियनच्या खाली निम्मा वर्ग असतो. पहिल्या कॉलेजात तिला ७० ऐवजी ४० मिळाले तर पगार ३.३३, हप्ता १.८५, उरले दीड. दुसरीकडे ५० ऐवजी ३० मिळाले तर पगार २.५, उरले १.९४. कमी पगार असूनही साध्या कॉलेजवालीच्या हातात जास्त. उरलेल्या पैशांच्या मानाने बघितलं तर चांगलं घडलं तर फरक थोडासा, वाईट घडलं तर मोठा, आणि ध्रुवताराच्या भावासारखं झालं तर फारच मोठा. मी असतो तर दुसरं घेतलं असतं.

जुनाजाणता
मी असतो तर मीही दुसरं, पण एका अटीवर. लॅब बघून या. मशीन लॅबमध्ये मोटर-जनरेटर संच चालू आहेत की धूळ खातायत, मुलं स्वतः जोडण्या करतात की एक जण करतो आणि बाकीचे वहीत उतरवतात, प्रोटेक्शनसाठी रिले टेस्ट किट आहे का. संगणकावर पॉवर सिस्टिमचं सॉफ्टवेअर शिकवतात का. साध्या कॉलेजात हे चांगलं असेल तर मोजक्या कंपन्यांचा तोटा मुलगी स्वतः भरून काढेल.

सर्किट_सखी
आणि वाचलेल्या कर्जाचं काय कराल तेही आत्ताच ठरवा. त्यातला छोटा भाग तिला सुट्टीत बिनपगारी इंटर्नशिप करता यावी, एखाद्या स्पर्धेत भाग घेता यावा म्हणून वेगळा ठेवलात तर साध्या कॉलेजची उणीव बरीच भरते.

मोगरा७
लेकीला सगळा धागा वाचायला दिला. तिने पहिल्यांदा ध्रुवताराचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग सिग्नल्सचं पुस्तक मागितलं. साध्या कॉलेजची लॅब या आठवड्यात बघायला जातोय, तिघंही. अजून काय विचारू तिथे?

ध्रुवतारा
दुसऱ्या वर्षात किती जण मागे राहतात आणि अडकलेल्यांसाठी कॉलेज काय करतं ते विचारा. प्राध्यापकांना नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना. कॅन्टीनमध्ये बसलात तर खरं सांगतील.

फेज_न्यूट्रल
मागच्या तीन वर्षांतल्या इलेक्ट्रिकलच्या मुलांपैकी पाच-सहा जणांचे संपर्क विभागाकडून मागा. कॅम्पसला न लागलेले दोन तरी त्यात असू देत, आणि ते दीड-दोन वर्षांनी कुठे पोचले ते लेकीला स्वतःला विचारू द्या.

बँकेतली_ताई
आणि ३० च घ्यायचं ठरलं तरी मंजुरी पूर्ण खर्चाची करून ठेवा, उचल गरजेपुरती करा. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. प्रक्रिया शुल्क मंजूर रकमेवर असेल तर ते मात्र आधी विचारून घ्या.